आमच्या घरात कुणी खोकत नाही

१४ ऑक्टोबर, सोमवार

टीबी आहे. हा शब्द एकदाच इथं लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा कुठं उच्चारायची वेळ येणार नाही.

आषाढापासून खोकतोय. आधी पावसाळी हवेवर ढकललं, मग तंबाखूवर, मग रुळावरून येणाऱ्या धुळीवर. पिंगळीत स्टेशनजवळ राहणाऱ्या माणसाला खोकायला कारणांची वाण नसते. परवा बेडक्यात रक्ताची तार दिसली, तेव्हा मुकाट्यानं पॅसेंजर धरून परभणी गाठली आणि सरकारी दवाखान्यात बेडका तपासायला दिला. आज तिथल्या क्षयरोग विभागातल्या नागेश नावाच्या पोरानं निकाल सांगितला. तिशीचा असेल, बोलायला गोड. सहा महिने रोज गोळ्या, मध्ये खंड पाडायचा नाही. दूध, अंडी, डाळ, शेंगदाणे भरपूर खायचे. खोकताना तोंडाला रुमाल, आणि घराच्या खिडक्या उघड्या. मग विचारलं, घरात कोण कोण असतं? म्हटलं, बायको, मुलगा, सून आणि लग्नाची मुलगी. त्या सगळ्यांना घेऊन या, तपासू, म्हणाला. कुणी खोकतं का?

"आमच्या घरात कुणी खोकत नाही," मी म्हणालो.

त्याला घरीही यायचं होतं. पाटबंधारे खात्यात उभी हयात कारकुनी केली मी, माणसाला दाराबाहेर कसं थांबवायचं ते मला कुणी शिकवायला नको. गोळ्या न्यायला मीच येत जाईन, तुम्ही कशाला पेट्रोल जाळता, असं म्हणून त्याला वाटेला लावलं.

कारण एकच, माझी मुलगी भक्ती. दिवाळी झाली की गंगाखेडचे अप्पाराव तिला बघायला येणार आहेत. त्यांचा मुलगा नोकरीला आहे, ऊस आहे, माणसं शब्दाची आहेत. मुलीच्या बापाला टीबी आहे हे कानावर गेलं तर ते अर्ध्या रस्त्यातून गाडी वळवतील. झाकली मूठ सव्वा लाखाची.

संध्याकाळी पुढचं दार लावून घरच्यांना सांगितलं. बायको, कमल, रडली आणि लगेच कामाला लागली, तिचं तसंच आहे. मुलगा, जीवन, उठून दाराची कडी पुन्हा बघून आला. कमलनं सगळ्यांकडून शपथा घेतल्या. भक्तीनं देव्हाऱ्यासमोर घेतली. राजेश्रीला, आमच्या सुनेला, तिसरा महिना चालू आहे. तिला पोटावर हात ठेवायला लावून पोटातल्या जिवाची आण घ्यायला लावली. माहेरीसुद्धा बोलायचं नाही म्हणून. पोरगी हो म्हणाली. मला ते जरा जास्तच वाटलं, पण बायकांच्या कारभारात मी पडत नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

गोळ्या सुरू. लघवी शेंदरी होते. नागेशनं आधीच सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर घाबरून तिथंच आटोपलो असतो.

माझं ताट, तांब्या, पंचा, सगळं वेगळं केलंय. ताट दुसऱ्या भांड्यांत मिसळू नये म्हणून कमलनं त्याच्या काठाला लाल दोरा बांधलाय. नागेशला हे फोनवर अभिमानानं सांगितलं तर तो म्हणतो, "काका, ताट एक असलं तरी चालतंय. जंतू ताटातून न्हाई जात, हवेतून जातो. तुमी खिडक्या उघडल्या का?"

खिडक्या कशा उघडणार? माझ्या खोलीच्या दोन्ही खिडक्या बोळावर आहेत, आणि बोळातल्या बाया दिवसभर ओट्यावर बसून असतात. कोण किती वेळा खोकला हे त्या एकमेकींना सांगतात. खिडक्या आषाढातच लावल्यात आम्ही, आता कमलनं फटींत कापडाच्या चिंध्याही कोंबल्या. खोकला चढला की टीव्हीचा आवाज चढवायचा. आणि ताटाचं म्हणाल तर ते वेगळं केलेलं दिसतं तरी. काहीतरी केल्याचं दिसलं पाहिजे, एवढं ऑफिसनं मला शिकवलंय.

२६ ऑक्टोबर, शनिवार

अंड्यांचा प्रश्न सुटला. कमलच्या स्वयंपाकघरात अंडं शिरू शकत नाही, तिथं देव आहेत. तेव्हा राजेश्री परसात न्हाणीच्या चुलीवर उकडते, तिथंच सोलते आणि मीठ-मिरी लावून मला आणून देते. वासामुळं कमल खोलीत पाऊल टाकत नाही. ताट लगेच बाहेर नेऊन वेगळं घासायचं असतं, म्हणून माझं खाणं होईपर्यंत सूनबाई स्टुलावर बसून मला पेपर वाचून दाखवते. तशी ती पावसाळ्यापासूनच वाचते, माझ्या चष्म्याचा नंबर वाढल्यापासून. तिचा आवाज चांगला आहे. मला उबळ आली की ती थांबते, माझं खोकून झालं की त्याच ओळीपासून पुढं वाचते. कंटाळा दाखवत नाही. ही पोर मला आवडते, पण हे सासऱ्यानं सुनेला कसं सांगायचं असतं ते मला माहीत नाही.

आज तिला म्हटलं, अर्धं तू घे. तिनं हात पुढं केलाही होता. एवढ्यात दाराबाहेरून कमल म्हणाली, "तिला नका देऊ, गरम पडतं." शिवाय तिचं म्हणणं, पहिलटकरणीनं पोटभर खाऊ नये. खाल्लं की बाळ मोठं होतं आणि सुटका अवघड जाते. तिनं जीवनच्या वेळी नऊ महिने एका भाकरीवर काढले होते, आणि जीवन भाकरी भाजून व्हायच्या आत झाला होता. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. जीवन लहानपणी किती किरकिरा होता, ते त्या गोष्टीत येत नाही.

आमच्या घरात सगळ्यांत शेवटी सून जेवते. माझ्या आईच्या वेळीही तसंच होतं, कमलच्या वेळीही. कधी कुणाला काही झालं नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

कमलनं ओवाळलं. खोकला निम्म्यावर आलाय, भूक तर अशी लागते की लाज वाटावी. दवाखान्यातल्या काट्यावर वजन वाढलेलं दिसलं.

राजेश्रीचे वडील व्यंकटराव वालूरहून आले होते. कोरडवाहू शेती करणारा सरळ माणूस, माझ्याहून वयानं मोठा, पण मुलीचा बाप म्हणून माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसतो. लेकीला दिवाळीला न्यायला आले होते. कमलनं पाठवलं नाही. प्रवासात धक्के बसतात, असं त्यांना सांगितलं. खरं म्हणजे अंडी कोण उकडणार हा प्रश्न होता.

त्यांनी लेकीसाठी डिंकाचे लाडू आणले होते, तिच्या आईनं, केशरबाईनं, स्वतः वळलेले. ते गेल्यावर कमलनं डबा माझ्या कपाटात ठेवला. डिंकही गरमच, गरोदर बाईला चालत नाही, आणि माझी तर तब्येत भरून यायची आहे. लाडू चांगले झाले होते.

१७ नोव्हेंबर, रविवार

नागेशचा फोन. घरच्यांना कधी आणता? मग त्यानं मला अर्धा तास समजावलं. माझ्या खोकल्यातून उडालेला जंतू घरच्यांच्या छातीत आधीच गेला असेल. जातो म्हणे, सगळ्यांच्या जातो. अंगात ताकद असली की शरीर त्याला कोंडून ठेवतं, तो पडून राहतो, माणूस जन्मभर धडधाकट. पण अन्न कमी पडलं, दुसरं आजारपण आलं, बाई गरोदर राहिली, लेकरू लहान असलं, की पहारा ढिला होतो आणि तो उठतो. "म्हणून म्हणायलोय काका, चांगलंचुंगलं तुमी एकटेच नका खाऊ. समद्यांना खाऊ घाला. अन् तपासून घेऊ, गरज पडली तर त्यांनाबी गोळ्या देऊ, दुखणं यायच्या आधीच."

पोराचा जीव तळमळतो, हे खरं. पण घरातली चार माणसं रांगेनं टीबीच्या खोलीबाहेर बसली आणि कुणी पिंगळीकरानं पाहिलं तर? परभणीच्या दवाखान्यात निम्मी पिंगळी असते.

मी त्याला सांगितलं की सगळ्यांना खाजगीत तपासून घेतलंय, फोटोसकट. सगळं साफ आहे. त्याला बरं वाटलं. मलाही वाटलं, कारण बोलताना ते मला खरंच वाटायला लागलं होतं.

८ डिसेंबर, रविवार

अप्पाराव, त्यांच्या घरचे आणि मुलगा येऊन गेले. भक्ती पसंत आहे. मुलगा लाजरा आहे, अप्पाराव मोकळे. मी पांढरा सदरा घातला होता, तब्येत सुधारलेली. साहेब, निवृत्ती मानवली तुम्हाला, असं ते म्हणाले. सबंध बैठकीत मी एकदाही खोकलो नाही.

चहाच्या वेळी आत राजेश्री खोकली. कोरडा, लांबलेला. अप्पारावांच्या बायकोनं विचारलं, कोण खोकतंय? कमलनं डाव राखला. "सूनबाई हाय आमची. पाचवा महिना. पोटातल्या बाळाला केस यायलेत, ते घशाला लागतेत." सगळे हसले. जावळ दाट असणार, असं त्या बाई म्हणाल्या.

संध्याकाळी मी कमलला विचारलं, असं खरंच असतं का? ती म्हणाली, जळजळ होते, खोकला बी होत असेल. मला एवढ्यावर समाधान मानावंसं वाटलं.

२५ डिसेंबर, बुधवार

माझा खोकला गेला. जिना चढून दम लागत नाही. सकाळी स्टेशनपर्यंत फिरून येतो, लोक रामराम करतात.

उपकेंद्राच्या सिस्टर गरोदर बायांना बघायला गल्लीत आल्या होत्या. म्हणाल्या, हिचं वजन वाढत नाही, खायला घाला, रक्तवाढीच्या गोळ्या देऊन गेल्या. खोकल्याचं विचारलं तर कमलनं केसांचं सांगितलं, सिस्टर हसल्या नाहीत, दवाखान्यात दाखवा म्हणाल्या. रक्तवाढीच्या गोळ्या कमलनं फळीवर ठेवून दिल्या. त्यानं बाळ काळं होतं.

पेपरवाचन चालू आहे. फरक एवढाच की आता ती वाचता वाचता खोकते आणि मी वाट बघतो. परवा ती अग्रलेखाच्या मध्येच पेंगली. संध्याकाळी अंग कोमट असतं असं जीवन म्हणत होता. मी म्हटलं, थंडी आहे, शाल दे. त्याला आणखी काही बोलायचं होतं बहुतेक. माझ्यासमोर त्याला शब्द सापडत नाहीत, लहानपणापासूनच.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

कासारीण आली होती. राजेश्रीला नेहमीच्या मापाच्या बांगड्या भरल्या तर मनगटावरून घरंगळून पडल्या. पोरींचं अंग भरायला हवं त्या दिवसांत हिला लहान माप लागलं. कमल म्हणाली, हाडच बारीक आहे तिचं. मी पेपर तोंडासमोर धरला, पण वाचत नव्हतो.

मला संशय येतो आहे. इथं लिहितो, बोलणार नाही. येत्या रविवारी साखरपुडा आहे, लग्न अक्षय्य तृतीयेनंतरचं धरलंय. एकदा भक्ती उजवली की मी स्वतः सुनेला नागेशकडं घेऊन जाईन. तीनचार महिन्यांचा प्रश्न आहे. एवढ्यात काय होतंय.

३० जानेवारी, गुरुवार

आज परभणीला राजेश्रीला सोनोग्राफीला न्यायचं होतं आणि माझ्या गोळ्याही संपल्या होत्या. जीवनला दुकानातून सुट्टी नव्हती, म्हणून मीच तिला बरोबर नेलं. तिला झाडाखाली बाकावर बसवून मी एकटाच गोळ्या आणायला गेलो. परत येतो तर नागेश तिच्यासमोर उभा. पलीकडून जाताना त्यानं तिला खोकताना ऐकलं होतं. मी तिचा सासरा, हे त्याला मी तिच्याकडं वळलो तेव्हा कळलं.

किती दिवसांपासून खोकला आहे, असं तो तिला विचारत होता. तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळे मोठे दिसत होते तिचे, चेहरा आत गेल्यामुळं. मी म्हणालो, परवा डोक्यावरून गार पाण्यानं न्हाली, तेव्हापासून.

त्यानं माझ्या हातात प्लास्टिकची डबी दिली. उद्या सकाळचा पहिला बेडका ह्यात आणून द्या, एक्सरेबिक्सरे काही नको, बाळाला काही होत नाही. तुम्ही नाही आलात तर मी येऊन घेऊन जातो. मी म्हटलं, मीच आणतो.

परत येताना ती गाडीत माझ्या खांद्याला टेकून झोपली. सासऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवलंय हे शुद्धीवर असती तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. तिचं डोकं तापलेलं होतं. पिंगळी येण्याआधी मी डबी खिडकीतून टाकून दिली. का टाकली हे लिहिता येत नाही, असं लिहिणार होतो. येतं की. डबीत जे निघालं असतं ते मला माहीत होतं.

संध्याकाळी नागेशला फोन करून सांगितलं, तिला बेडकाच येत नाही, खोकला कोरडा आहे, आणि ती माहेरी निघाली आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

डोहाळेजेवण झालं. सातवा लागला. हिरव्या साडीत ती घडी घातलेल्या कापडासारखी दिसत होती. ओटी भरली, बायांनी गाणी म्हटली. पानात पाच पक्वान्नं होती, तिनं दोन घास खाल्ले आणि पुरे म्हणाली. बायांना वाटलं, लाजते.

व्यंकटराव न्यायला आले होते. निघताना कमलनं तिला आत नेऊन शपथेची आठवण दिली, हे मला माहीत आहे. मग ती माझ्या पाया पडायला खोलीत आली.

"मामा, आता अंडी कोण उकडंल?" तिनं विचारलं.

बघू, मी म्हणालो. जपून राहा, म्हणालो. आणखी काही म्हणता आलं असतं. ती जीपमध्ये बसेपर्यंत वेळ होता.

१९ फेब्रुवारी, बुधवार

व्यंकटरावांचा फोन. पोरीचा खोकला थांबेना, ताप उतरेना. गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावलं, बाटल्या दिल्या. तिला तुमच्याकडं असतानाच होता का खोकला? मी म्हणालो, थोडा होता, ऋतू बदलला की होतो.

मग ते फोनवर आवाज बारीक करून म्हणाले, "आमच्या मायला म्हातारपणी असाच व्हता. ती त्यातच गेली. त्याचंच तर न्हाई ना आलं पोरीला?"

म्हटलं, तसलं काही मनात आणू नका. फोन ठेवला. नंबर तिथंच होता, परत लावला असता तर लागला असता. घरात भक्तीच्या साड्या बघणं चाललं होतं.

८ मार्च, शनिवार

काल वालूरला राजेश्रीनं रक्त टाकलं. रात्रीतून परभणीला आणलं. निदान झालं. दोन्ही फुप्फुसं गेलीत. आज पहाटे दिवस भरायच्या आतच बाळंत झाली, मुलगी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय, ओंजळीत मावेल एवढी. जावळ नाही.

डॉक्टरांनी तिला विचारलं, घरात कुणाला टीबी आहे का, होता का? व्यंकटराव जवळच उभे होते. तिनं मान हलवून नाही म्हटलं. हे मला जीवननं सांगितलं आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मूल पोटातून बाहेर आलं तरी तिनं आण मोडली नाही.

वॉर्डच्या दाराशी नागेश भेटला. मला वाटलं, आता चारचौघांत बोलेल. तो म्हणाला, "डॉक्टरांना मी सांगितलंय काका. तिच्या वडलांना सांगायचं काम माझं न्हाई. ते तुमचं हाय." आणि गेला. मला त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी वॉर्डच्या काचेतून राजेश्रीला पाहिलं. ती छताकडं बघत होती. तिला दिवसातून चार वेळा अंडं द्या, दूध द्या, असं डॉक्टर आता सांगत होते, आणि केशरबाई चमच्यानं तिच्या तोंडात दूध घालत होती, ते ओघळून उशीवर येत होतं.

उद्या सांगतो. व्यंकटरावांना बाजूला घेऊन उद्या सांगतो.

१२ मार्च, बुधवार

सांगितलं नाही. ते औषधं आणायला पळत असतात, बोलायला वेळच मिळत नाही. कमल म्हणते, आता सांगून पोरगी बरी होणार आहे का? झालं ते झालं, दुसऱ्या पोरीचं वाटोळं कशाला. तिच्या बोलण्याला उत्तर असलं पाहिजे. मला सापडलं नाही, की मी शोधलं नाही, कोण जाणे.

मी मात्र ठणठणीत आहे. सकाळी भूक लागते.

१६ मार्च, रविवार

सकाळी राजेश्री गेली. चोविसावं चालू होतं.

२५ मार्च, मंगळवार

गंगाखेडला गोदावरीवर दहावा झाला. जीवननं मुंडन केलं आणि मुकाट्यानं सगळं केलं. पिंडाला कावळा लवकर शिवला. तिची काही इच्छा राहिली नव्हती, असं भटजी म्हणाले. मी वाळूवर बसून होतो.

अप्पाराव घाटावर आले होते, त्यांचं गावच ते. माझ्याजवळ बसले, पाठीवर हात ठेवला, आणि हळूच विचारलं, नेमकं काय झालं होतं सूनबाईला? मी तोंड उघडायच्या आत कमल बोलली. टीबी, म्हणाली. माहेरचं दुखणं. आजी त्यातच गेली होती म्हणे. आम्हाला अंधारात ठेवलं.

व्यंकटराव चार हातांवर उभे होते. त्यांनी ऐकलं. मला वाटलं, आता हा माणूस चिडेल. त्यांनी चिडावं असं मला मनापासून वाटत होतं. ते चिडले असते, आमच्यावर उलटले असते, तर माझ्या तोंडून खरं निघालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

ते माझ्यासमोर आले आणि सगळ्यांच्या देखत हात जोडले.

"इवाई, माफी करा. आमच्या घरचं दुखणं तुमच्या दारात आणून घातलं आमी. आमाला ठावं नव्हतं, देवाशप्पथ ठावं नव्हतं." मग म्हणाले, "लेकरू आमच्यापाशीच राहू द्या. जगलं तर सांभाळू. तुमच्या घरात लगीन हाय, तुमच्या घराला आणखी कामून इख लावायचं."

आणि वाकले. माझ्याहून वयानं मोठा माणूस माझ्या पायांवर वाकला. मी त्यांना मध्येच धरलं. त्यांची मनगटं माझ्या हातात होती, माझ्या हातांत आता चांगली ताकद आहे. जीवन पाण्याच्या कडेला उभा राहून माझ्याकडं बघत होता. कमल बघत होती. अप्पाराव बघत होते. शब्द अगदी जिभेवर होते, तीनच शब्द होते, आजार माझा होता.

"असू द्या, व्यंकटराव," मी म्हणालो. "तुमचा काय दोष त्यात."

ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागले. मी त्यांच्या पाठीवर थोपटत राहिलो, थांबवता येईना मला हात. मागून अप्पाराव कुणाला तरी म्हणाले, माणसाचं मन असावं तर असं.